अँटिबायोटिक मलम लावताय? मग एवढं बघून घ्या

पहिलं म्हणजे हे मलम फक्त बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनवर चालतं, गजकर्णावर नाही कारण ते फंगसमुळे होतं, आणि ज्या ट्यूबमध्ये स्टेरॉइडही मिसळलेलं असतं ती तर स्वतःच्या मनाने लावूच नका, वरवर बरं दिसतं आणि आतून पसरत जातं.

डॉक्टरांनी म्युपिरोसिन २% (असंच एक अँटिबायोटिक मलम) दिलं असेल तर साधारण दिवसातून ३ वेळा, ५ ते १० दिवस. आधी हात धुवा, जखमेवर मधासारखी पिवळी खपली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ती मऊ करून अलगद काढा (ओरबाडायची नाही हं), कोरडं करा आणि मग पातळ थर. जाड थापून जास्त फायदा होत नाही, ट्यूब तेवढी लवकर संपते. परत हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, नाहीतर घरात सगळ्यांना.

दोन दिवसांत बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. ३ ते ५ दिवसांत काहीच फरक नाही, लाली पसरतेय, ताप आला किंवा पू भरलेलं मोठं गळू आहे, तर मलमावर भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.