दारूवरचं समुपदेशन आरोग्य केंद्रात करताय? या चुका टाळा

गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत २६ टक्के. आपल्या केंद्रावरही हे जमू शकतं. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरसकट "आजपासून बंद करा" सांगणं. तो अभ्यास दारूचं पिणं किती धोक्याचं आहे हे मोजणाऱ्या 'ऑडिट' प्रश्नावलीत १२ ते १९ गुण आलेल्यांसाठी होता. २० किंवा जास्त गुणांचा माणूस वेगळा. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरतो, सकाळचा घोट पोटात गेला की थरथर थांबते. त्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जिवावरही बेततं. म्हणून आधी विचारा, "शेवटची कधी घेतली?" आणि त्याला डॉक्टरांकडेच पाठवा. तिथंही ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यायचं विसरू नये.

रांगेत सगळ्यांसमोर "दारू पिता का हो?" विचारलंत तर उत्तर "नाही" हेच येणार. बाजूला बसवा. "आठवड्यातून किती दिवस? एका वेळी क्वार्टर की हाफ?" असं विचारलं की माणूस खरं सांगतो.

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून चहात गुपचूप गोळी घालणं घराघरांत चालतं. ती डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो. वहिनींना रागावू नका, त्या थकून तिथवर आलेल्या असतात. पण गोळी त्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच द्यायची, हे स्पष्ट सांगा.

दुसऱ्या भेटीला आला नाही? वहीतून नाव काढू नका. बहुतेकदा तो पुन्हा प्यायलेला असतो आणि तोंड दाखवायची लाज वाटते. गोव्यात समुपदेशक घरीही जात. तुम्हीही जा. "पुन्हा प्यायलास ना?" नको. "दादा, त्या दिवशी काय झालं होतं?" विचारा. पगार झाला होता, हळद होती, की भावाशी भांडण? पुढच्या भेटीचं काम त्या उत्तरातून निघतं.

आणि प्रशिक्षण झालं म्हणजे झालं, असं नाही. तिथले समुपदेशक एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे. रुग्णाची परवानगी घेऊन, महिन्यातून एकदा तरी, शेजारच्या केंद्रातल्या ताईंबरोबर बसा.