वाइल्डफ्लायचे लॉग डिस्क खायला लागलेत? मग हे करा

वाइल्डफ्लाय, म्हणजे जावा ॲप्स चालवणारा सर्व्हर, जसा डाउनलोड केला तसाच प्रॉडक्शनला टाकला की सर्व्हर.लॉग ही फाईल रोज बदलते, कालच्या फाईलला तारीख चिकटते, इथपर्यंत मस्त, पण जुन्या फाईली डिलीट कोणीच करत नाही! डीफॉल्टला पिरिऑडिक रोटेटिंग हँडलर (हँडलर म्हणजे लॉग कुठे आणि कसे लिहायचे ते बघणारा भाग) असतो आणि त्याला ते जमतच नाही. डिस्क भरते ती पण बरोब्बर शुक्रवारी संध्याकाळी.

बदल शक्यतो सीएलआयमधूनच (कमांड लाईनमधूनच) करा, म्हणजे बिन फोल्डरमधली जेबॉस-सीएलआय स्क्रिप्ट कनेक्ट ऑप्शन देऊन चालवायची, ती ९९९० पोर्टला जोडली जाते. सर्व्हर चालू असताना स्टँडअलोन.एक्सएमएल ही मुख्य कॉन्फिग फाईल हाताने एडिट करू नका, सर्व्हर नंतर ती फाईल सेव्ह करताना तुमचं सगळं पुसून टाकतो. आणि शेजारची लॉगिंग.प्रॉपर्टीज तर फक्त बूट होईपर्यंत कामाची, तिला हात लावून काही फायदा नाही.

आता लॉगिंग सबसिस्टिममध्ये साईझ रोटेटिंग फाईल हँडलर ॲड करा, फाईलचं नाव वेगळं द्या, रोटेट साईझ (एवढी भरली की नवी फाईल) ५० एमबी आणि मॅक्स बॅकअप इंडेक्स (किती जुन्या फाईली ठेवायच्या) १० ठेवा, म्हणजे सगळं मिळून साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही. डीफॉल्ट बघाल तर २ एमबी आणि फक्त १ बॅकअप, त्यात दुपारचा एरर संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. मग रूट लॉगरला (ज्याच्याकडे सगळे मेसेज येतात तो मुख्य लॉगर) हा हँडलर जोडा आणि जुना काढा. पिरिऑडिक साईझ नावाचा तिसरा प्रकार पण आहे, तो बघून दोन्ही सोयी मिळाल्या असं वाटतं, पण तारखेनुसार झालेले जुने बॅकअप तो पण काढत नाही.

डीबग (बारीकसारीक तपशिलाचे मेसेज) चालू केलं तरी कन्सोलवर काही दिसत नाही, हे सगळेच विचारतात. मेसेजला दोन चाळण्या आहेत, आधी लॉगरची लेव्हल आणि मग हँडलरची, आणि कन्सोल हँडलर डीबगच्या वरच्या इन्फो लेव्हलवर सेट असतो, त्यामुळे डीबग फाईलमध्ये येतं पण कन्सोलवर नाही. रूट लॉगर मात्र डीबगवर टाकू नका हां, फक्त आपल्या पॅकेजसाठी वेगळा लॉगर करा. त्याला स्वतःचा हँडलर दिला आणि प्रत्येक ओळ दोनदा यायला लागली तर यूज पॅरेंट हँडलर्स फॉल्स करा.

एवढं करूनही ॲप ऐकत नसेल तर वॉर फाईल (ॲपचं पॅकेज) उघडून बघा, आत स्वतःची लॉगिंग.प्रॉपर्टीज असेल तर सर्व्हर तीच वापरतो. यूज डिप्लॉयमेंट लॉगिंग कॉन्फिग फॉल्स करा आणि ॲप परत डिप्लॉय करा.