डी अँड डी मध्ये मराठा मोहीम कशी चालवायची, वेढ्यासकट

डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन तुम्हाला येते, टेबलावर चार-पाच जण जमतात, फासे आहेत, हे सगळं मी धरून चालतोय. ऐतिहासिक मोहीम करायची म्हटलं की जो तो सांगतो आधी वेगळी सिस्टीम शिका, आणि त्या शिकण्यातच ग्रुप पांगतो. जी सिस्टीम पोरांच्या हातात बसलीय तीच घ्या. बदलायचं थोडंच आहे, फक्त ते नेमक्या ठिकाणी बदलायला हवं.

आधी काळ ठरवा. इथे माझं मत ठाम आहे, शिवाजी महाराजांना टेबलावर आणू नका. महाराज समोर आले की कुणी वाद घालत नाही, डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) त्यांच्या तोंडी चार वाक्यं घालताना दडपण येतं, आणि प्लेअर नुसते हुकूम ऐकत बसतात, खेळ तिथेच थिजतो. त्यापेक्षा १६८९ ते १७०७ हा काळ घ्या. संभाजी महाराजांची हत्या झालीय, रायगड पडलाय, राजाराम महाराज लांब तामिळ मुलुखात जिंजीला, इकडे रामचंद्रपंत अमात्य कारभार ओढतायत, संताजी-धनाजी मुलूखभर दौडतायत आणि औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलाय. हुकूम येतो तो पत्राने, तोही उशिरा, तोवर काय करायचं ते तुमच्या प्लेअरनीच ठरवायचं. वर दोन्ही बाजू सरदारांना वतनाचं आमिष दाखवतायत. रोलप्लेला यापेक्षा जास्त काय लागतं?

पथक छोटं ठेवा. मराठी घोडदळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार आणि त्यांच्या दिमतीला एक पखालजी (पाणी वाहणारा), एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा) अशी रचना होती, ती तशीच्या तशी उचला. प्लेअरपैकी एक हवालदार, बाकीचे त्यातलेच. नालबंद आणि पखालजी हे नुसतं नाव देऊन सोडू नका, कुणीतरी प्लेअरने घ्या म्हणावं, कारण सलग दौड झाली की नाल निखळलेल्या घोड्यापुढे फायटरची लेव्हल कामाची नाही. ज्याला जास्त मोकळीक हवी त्याला शिलेदार करा, घोडा स्वतःचा आणि तो मेला तर नुकसानही स्वतःचं.

जादू पूर्ण काढा. फायटर, रोग (Rogue), बार्बेरियन आणि स्पेल काढलेला रेंजर एवढे क्लास पुरतात.

बंदुकीला डीएमच्या २०१४च्या पुस्तकातल्या मस्केटचाच डी१२ ठेवा, फक्त एकदा झाडली की पुढचे तीन टर्न भरण्यात जातील असं ठरवा. ही तोड्याची बंदूक आहे, तोडा म्हणजे दारू पेटवायची वात, ती पेटती ठेवावी लागते, म्हणजे रात्री लपून जाताना तिचा ठिपका दिसतो आणि पावसात ती विझते. एवढं केलं की प्लेअर आपोआप धोप, पट्टा आणि भाल्याकडे वळतात, वेगळा नियम लागत नाही.

हिट पॉइंटला हात लावू नका. खूप जण ते अर्धे करतात, एका गोळीत माणूस गार, म्हणे हेच खरं युद्ध. मग होतं काय, की कुणी माळ (दोराची शिडी) लावून तट चढायलाच तयार होत नाही, सगळे झाडीमागे. बदलायची असते ती विश्रांती. डीएमच्या त्याच पुस्तकात एक पर्याय दिलेलाच आहे, शॉर्ट रेस्ट म्हणजे आठ तास आणि लाँग रेस्ट म्हणजे सात दिवस, तो घ्या आणि त्याला माझी एक अट जोडा, लाँग रेस्ट फक्त आपल्या ताब्यातल्या गडावर किंवा जिथे लोक आपल्याला लपवतील अशा गावात. चकमकीत प्लेअर शूर राहतात पण पुढच्या आठवड्याची चिंता त्यांना सोडत नाही.

आता वेढा. या काळाची मोहीम वेढ्याशिवाय होत नाही आणि माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच गेलंय. लोक सांगतात मोठ्या लढाईचे नियम वापरा, फौजेचे आकडे मांडा, फासे टाका. ऐकू नका. वेढा म्हणजे लढाई नाहीच, वेढा म्हणजे एकेक गोष्ट संपत जाणं, आणि कुणाचं आधी संपतं एवढाच प्रश्न. रोजचा दिवस खेळवायला गेलात तर दुसऱ्या सेशनला प्लेअर मोबाइल काढतात, आणि एका रोलमध्ये निकाल लावलात तर त्यांना वाटतं आपण होतो कशाला.

मी साताऱ्याचा वेढा घेऊन सांगतो कारण तो मापात बसतो. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००, साधारण साडेचार महिने, म्हणजे नऊ पंधरवडे. एक फेरी म्हणजे एक पंधरवडा धरा, नऊ फेऱ्या, दोन सेशनमध्ये आरामात होतात. कागदावर चार रकाने आखा, धान्य, दारूगोळा, तट, हिंमत, प्रत्येकात दहा. धान्य दर फेरीला एकने उतरतं, काही झालं तरी. बाकीचे तीन घडेल तसे. मग प्रत्येक प्लेअरने त्या पंधरवड्यात एकच काम निवडायचं: तटाची डागडुजी, रात्री उतरून मोगलांच्या मोर्च्यांवर (गडाभोवतीच्या त्यांच्या ठाण्यांवर) छापा, चोरवाटेने बाहेर माणूस काढून धनाजींच्या फौजेपर्यंत निरोप, सुरुंग खणल्याचा आवाज येतो का ते कान लावून ऐकणं, किंवा गडावरच्या बायाबापड्यांची समजूत काढणं. एक रोल, त्यावर एखादा रकाना वरखाली. ज्या कामात खरोखर जीव धोक्यात आहे तेवढंच पूर्ण सीन म्हणून खेळवा, फेरीत एक, जास्तीत जास्त दोन.

मग तुमची पाळी. मोगलांनी पण फेरीला एकच गोष्ट करायची, मोर्चे पुढे सरकवायचे, तोफा डागायच्या, सुरुंग खणायचा नाहीतर बोलणी लावायची. इतिहासातल्या दोन गोष्टी मात्र ठरलेल्या वेळी येऊ द्या. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज (तोवर ते जिंजीहून परतले होते) सिंहगडावर वारले, ती बातमी सातव्या फेरीत गडावर पोचवा आणि हिंमत तीनने खाली आणा, त्या सेशनला टेबलावर जी शांतता होते ती कुठल्याही ड्रॅगनने आणलेली मी पाहिलेली नाही. आणि एप्रिलमध्ये मोगल सरदार तरबियतखानाचे सुरुंग. पहिल्या स्फोटात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, दुसऱ्यात तट बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचीच माणसं मोठ्या संख्येने मेली. प्लेअरनी आधीच्या फेऱ्यांत कान लावून ऐकलं असेल तर त्यांना कुठला बुरूज ते कळू द्या, नसेल तर सगळ्यांना डेक्सचा सेव्हिंग थ्रो.

सगळ्यात महत्त्वाचं बोलणी. पाचव्या फेरीपासून प्रत्येक प्लेअरच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी द्या, मोगल छावणीतून आलेली, प्रत्येकाला वेगळी. कुणाला रोकड, कुणाला गावची पाटीलकी, कुणाच्या भावाची कैदेतून सुटका. मोठ्याने वाचायची नाही. आणि इथे डीएमनी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी, गड देणं म्हणजे हरणं नव्हे. त्या वर्षांत विशाळगड, सिंहगड असे गड मोगलांनी पैसे मोजून घेतले आणि सिंहगडासारखे गड मराठ्यांनी पुढे परत जिंकले. साताराही शेवटी बोलणी होऊनच गेला आणि औरंगजेबाने त्याला आजमतारा नाव दिलं. म्हणून "गड पडला, गेम ओव्हर" हे वाक्य टेबलावर येऊच देऊ नका. प्रश्न एवढाच ठेवा की किती घेऊन, किती माणसं वाचवून आणि कुणाशी खोटं बोलून बाहेर पडलात. माझ्या टेबलावर यावर झालेली भांडणं ही सगळ्यात चांगली सेशन्स होती, सगळे एकाच गडावरचे, सगळे एकाच बाजूचे, आणि तरी दोघं जण गड लढवायचा म्हणतायत, दोघं सोडून बाहेरून लढायचं म्हणतायत, आणि चौघांचंही बरोबर.

कुणाला गडाच्या आत बसायचंच नसेल तर तोच वेढा बाहेरून खेळवा. तेच रकाने मोगल छावणीचे करा आणि धान्य घेऊन येणाऱ्या बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर छापे घालू द्या. फक्त तांड्यातली माणसं व्यापारी आहेत, सैनिक नाहीत, त्यांच्याशी कसं वागलात त्याची आठवण पुढच्या गावात काढली जाईल हे आधीच सांगून ठेवा.

वेढ्यानंतर लेव्हल द्या, लाँग रेस्ट द्या आणि तारीख सरळ पावसाळ्यावर न्या. साताऱ्यानंतर मोगलांनी परळीचा गड (म्हणजे सज्जनगड) घेतला आणि मग पावसाने त्यांचे हाल केले, ऑक्टोबर १७०० मध्ये खवासपूरला माण नदीच्या पुरात त्यांची छावणीच बुडाली. तुमच्या पंचवीस घोड्यांना त्या रात्री कुठल्या काठावर ठेवायचं ते आदल्या सेशनलाच विचारून घ्या.