नदीच्या घळीतील अर्ध्या दिवसाची फेरी: या चुका टाळा

सकाळच्या लोकलने बोरिवली किंवा वसई गाठावी, जंगलातल्या ओढ्याच्या कडेने वर चढावे, माथ्यावरून वळसा घेऊन दुसऱ्या वाटेने उतरावे आणि उशिरा का होईना, दुपारचे जेवण घरी घ्यावे, असा बेत पुष्कळ मुंबईकर करतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि तुंगारेश्वर येथील ओढ्यांनी ही सोय शहराच्या दाराशी आणून ठेवली आहे. फेरी लहान असते हे खरे. परंतु गेल्या वाटेने परतायचे नसते आणि वाट वारंवार पाण्यातून जाते, त्यामुळे येथे होणाऱ्या चुका गडाच्या वाटेवरच्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे घळीचा भाग शेवटी ठेवणे. सकाळी उन्हाआधी माथा गाठू आणि दुपारी ओढ्याच्या सावलीतून उतरू, हा हिशेब कागदावर शहाणपणाचा वाटतो. मात्र ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचे ढग बहुधा दुपारनंतरच भरून येतात आणि सह्याद्रीच्या उभ्या कातळावर माती पातळ असल्याने वर पडलेले पाणी जिरण्याऐवजी थेट ओढ्यात उतरते. घळीत उभ्या असलेल्या माणसाला आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, म्हणून वरच्या पाणलोटात पाऊस सुरू झाल्याचे त्याला कळतही नाही. घळ सकाळी पार करावी आणि माथ्याचा भाग नंतर घ्यावा, मग घाम जास्त आला तरी चालेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. आम्ही सहा जण होतो, आमच्यावर थेंबही पडलेला नव्हता आणि तरी घोट्याइतके नितळ पाणी हळूहळू चहाच्या रंगाचे होऊ लागले. आधी पालापाचोळा वाहत आला, मग काटक्या, आणि धारेचा आवाज खर्जात गेला. एकाने काठावर पाण्याला टेकून लिंबाएवढा खडा ठेवला. दहा मिनिटांत तो दिसेनासा झाला. आम्ही कडेच्या उंच दरडीवर चढून पावणेदोन तास बसून राहिलो, आणि पाणी ओसरल्यावरच पुढे निघालो. पाणी गढूळ होणे, कचरा वाहून येणे आणि आवाज बदलणे यांपैकी एक खूण दिसली तरी ओढा सोडून आपण ज्या काठावर आहोत त्याच काठाने वर चढावे. पलीकडे जाण्याचा मोह टाळावा आणि प्रवाहाच्या मधल्या खडकावर तर मुळीच थांबू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच मधोमध अडकलेले होते.

ओढा ओलांडताना लोक सर्वांत अरुंद जागा निवडतात, कारण तेथे अंतर कमी दिसते. वास्तविक तेवढेच पाणी अरुंद जागेतून जायचे असल्याने ते तेथे खोल आणि वेगवान असते. पात्र पसरट आणि पाणी उथळ असेल तेथूनच पार व्हावे. खाली धबधबा किंवा डोह असल्यास ती जागा सोडून द्यावी. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडावा, तोंड प्रवाहाकडे ठेवावे, काठीचा तिसरा पाय करावा आणि एका वेळी एकच पाऊल हलवावे. दोर अंगाला बांधून पाण्यात उतरणे हे धाडस नसून आत्मघात आहे, कारण पाय निसटला की दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत आले की फेरीचा हट्ट सोडलेला बरा.

वेळेचा अंदाज किलोमीटरवरून बांधणे ही त्यामानाने सभ्य चूक, पण अंधारात गाठते तीच. सपाट रस्त्यावर तासाला चार किलोमीटर चालणारा माणूस शेवाळलेल्या धोंड्यांतून एक-दीड किलोमीटरही मुश्किलीने कापतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि घळीत त्याच्या बरेच आधी काळोख होतो. निम्मी फेरी होण्याआधी निम्मा वेळ संपला असेल, तर आल्या वाटेने परतावे. ‘आता पुढेच जवळ असेल’ हे वाक्य फेरीच्या वाटेवर हमखास ऐकू येते आणि हमखास फसवते.

वाट चुकली की जुनी माणसे चकवा लागला म्हणतात. बहुतेक वेळा तो ढोरवाटेचा प्रताप असतो. गुरांची वाट आधी रुंद असते, मग फांद्या छातीला लागू लागतात आणि शेवटी ती झुडपात विरते. अशा वेळी शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावे. ओढा धरून खाली गेले की गाव लागतेच, हा समज धोक्याचा आहे, कारण ओढा कडा उतरून जातो, माणसाला ते जमत नाही. मोबाइलचा नकाशा आधीच उतरवून घेतला तरी दोन्ही बाजूंच्या कातळामुळे ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. मोकळ्या जागी थांबून मगच त्यावर भरवसा ठेवावा. रेंज शोधण्यात बॅटरी वाया जाते, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर असावा.

जीन्स आणि गुळगुळीत तळाचे बूट घरी ठेवावेत, एवढे सांगणे पुरे. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते आणि शिलोंडासारख्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. हा बिबट्यांचा मुलूख आहे, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने रेंगाळू नये.

पाय मुरगळल्यास बूट लगेच काढू नये, कारण सूज चढल्यावर तो पुन्हा घालता येत नाही. बुटावरूनच पट्टी घट्ट बांधून काठीच्या आधाराने हळूहळू बाहेर पडावे. साप चावल्यास चिरा देणे किंवा करकचून दोरी बांधणे टाळावे, तो अवयव हलू देऊ नये आणि जखमीला उचलून रुग्णालयात न्यावे. रेंज मिळताच ११२ वर किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि शेवटचा ओढा कोठे व किती वाजता ओलांडला हे आधी सांगावे.