महापेला जार घेऊन जाण्याआधी

उद्या सकाळी महापेला क्लायंटच्या जागेवर जायचं असेल, तर तयारी आज दुपारीच सुरू करा. रात्री जेवणं झाल्यावर बसलात तर उशीर झालेला असतो, कारण यातल्या निम्म्या गोष्टींना ऑफिसचं नेटवर्क लागतं आणि उरलेल्यांना कुणाची तरी परवानगी. तिथे इंटरनेट नसतं, फोन गेटवरच्या लॉकरमध्ये राहतो. आपल्याकडे ऐरोलीत व्यवस्थित चालणारी जार, म्हणजे जावा प्रोग्रॅमची तयार फाइल, तिथे पडलेली असते आणि का पडली ते त्या थंडगार खोलीत बसून शोधायचं असतं. गेली काही वर्षं ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून, घणसोलीला उतरून, पुढे रिक्षाने मी हे काम करत आलो आहे. टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ही तयारी तोंडी सांगायचो, आता लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तिथल्या सर्व्हरवर तुमचा सोर्स, म्हणजे तुम्ही लिहिलेला कोड, चालत नाही, कंपाइल झालेली जार चालते. एडिटर उघडून ‘इथे तर बरोबर लिहिलंय’ असं एकमेकांना दाखवण्यात माणसं अख्खी दुपार घालवतात. म्हणून सोर्स वाचायच्या तयारीपेक्षा जारलाच प्रश्न विचारायची तयारी जास्त ठेवा.

पहिला प्रश्न अगदी साधा: ही जार कोणती? आपण पाठवली तीच का? निघण्याआधी आपल्या बिल्ड सर्व्हरवरच्या (जिथे सोर्समधून जार बनते) जारचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा बोटांच्या ठशासारखा आकडा, काढा आणि कागदावर लिहून घ्या. पूर्ण नको, सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ अक्षरं पुरतात. तिथे लिनक्स असेल तर एसएचए२५६सम, विंडोज असेल तर सर्टयुटिल, दोन्ही आधीपासून असतात. आकडा जुळला नाही तर पुढचं काहीही करण्याआधी तो घोळ मिटवा. बिल्ड होताना मॅनिफेस्टमध्ये (जारच्या आतली माहितीची फाइल) गिटच्या कमिटचा आयडी, म्हणजे सोर्सच्या त्या नोंदीचा क्रमांक, जात नसेल, तर आजच ती सोय करून घ्या. तो आयडी नसेल तर जार कुठल्या सोर्समधून आली हे फक्त अंदाजाने सांगावं लागतं, आणि अंदाजावर डिबगिंग होत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. लॅपटॉपचा सिरियल नंबर गेट पासवर आहे का, फायली आत कशा जाणार आणि कोण स्कॅन करणार, सर्व्हरवर कुठल्या युजरने लॉगिन मिळणार, हे आदल्या दिवशी मेलवर लेखी घ्या. युजरचं महत्त्व खाली येईल.

आता जेडीके, म्हणजे जावाच्या सगळ्या साधनांचा संच. सर्व्हरवर बऱ्याचदा फक्त जेआरई असते, म्हणजे जावा चालते पण जावापी, जेस्टॅक, जेसीएमडी या तपासणीच्या साधनांपैकी काहीच नसतं. म्हणून जेडीके सोबत न्या, तेही इन्स्टॉलर नको, आर्काइव्ह न्या. ते कुठल्याही फोल्डरमध्ये सोडलं की चालतं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे ती आणि ज्या आवृत्तीने आपण बिल्ड केलं ती, अशा दोन्ही घ्या. मी ८, ११, १७ आणि २१ अशी चारही ठेवतो, कारण क्लायंटने मेलमध्ये लिहिलेली आवृत्ती आणि सर्व्हरवर प्रत्यक्षात असलेली आवृत्ती वेगळी निघालेली मी पाहिली आहे.

क्लास फाइल कुठल्या जावासाठी बनली ते तिच्या पहिल्या आठ बाइटमध्येच लिहिलेलं असतं. पहिले चार बाइट हेक्समध्ये नेहमी सी-ए, एफ-ई, बी-ए, बी-ई. पुढचे दोन मायनर आवृत्तीचे, त्यापुढचे दोन मेजर आवृत्तीचे. मेजर आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ आला की त्यात हेच दोन आकडे असतात, क्लासचा एक आणि चालणाऱ्या जावाला झेपणारा एक. एवढं पाठ असलं तर तो एरर पाच मिनिटांचं काम आहे. जुनं ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) नव्या जेडीकेवर चालवलं तरी हाच आकडा वेगळ्या वाक्यात येतो, ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’. तिथे दोष तुमच्या कोडचा नसतो. जावा १७ वर ग्रेडल चालवायला ७.३ लागतं आणि २१ वर ८.५.

पण आकडा जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. हे मी किंमत मोजून शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सर्व्हरवर जावा ८. आमचा बिल्ड जेडीके ११ वर, पण मेव्हनमध्ये (आमचं बिल्डचं साधन) सोर्स आणि टार्गेट दोन्ही १.८ लिहिलेले. क्लासची मेजर आवृत्ती ५२, म्हणजे कागदोपत्री सगळं बरोबर. अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं, पहिली मोठी फाइल आली आणि लॉगमध्ये ‘नो सच मेथड एरर’. मेथड कुठली? बाइटबफरची फ्लिप. जावामध्ये १.४ पासून असलेली मेथड सापडत नाही म्हणतोय. आम्ही तीन तास लायब्ररी फोल्डर उपसलं, कुठेतरी डुप्लिकेट जार असेल या समजुतीने. शेवटी क्लास बाहेर काढून त्यावर जावापी डॅश सी चालवलं. इन्व्होक-व्हर्च्युअलच्या ओळीत फ्लिपच्या पुढे परतीचा प्रकार लिहिला होता बाइटबफर. जावा ८ मध्ये फ्लिप ही मेथड बफर या वरच्या क्लासमध्ये आहे आणि ती बफर परत देते. जावा ९ पासून बाइटबफरने स्वतःची फ्लिप आणली, जी बाइटबफर परत देते. क्लास फाइलमध्ये मेथडची ओळख फक्त नावाने होत नाही, नाव, पॅरामीटर आणि परतीचा प्रकार मिळून होते. आमच्या कंपायलरने जेडीके ११ ची लायब्ररी बघून सही मारली, आणि जावा ८ ला त्या सहीची मेथडच माहीत नव्हती. सोर्समध्ये यातलं काहीच दिसत नाही. ती ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखीच असते.

उपाय एका शब्दाचा आहे. सोर्स-टार्गेटऐवजी रिलीज ८ लिहायचं. हा पर्याय जेडीके ९ पासून आला आणि तो त्या जुन्या आवृत्तीची लायब्ररी धरूनच कंपाइल करतो. तेव्हा आज घरी निघण्याआधी पॉम, म्हणजे प्रोजेक्टची मेव्हन फाइल, उघडा, कंपायलर प्लगिनमध्ये काय लिहिलंय ते डोळ्यांनी पाहा. सोर्स आणि टार्गेट दिसले तर बदला, पुन्हा बिल्ड करा आणि नव्या जारचा एसएचए पुन्हा लिहून घ्या.

तिथेच बिल्ड करावं लागणार असेल तर खरी परीक्षा मेव्हनची. सगळे सांगतात की डिपेंडन्सी गो-ऑफलाइन (लागणाऱ्या लायब्ररी आधीच उतरवून ठेवणारी आज्ञा) चालवा म्हणजे झालं. त्याने पुरतं भागत नाही, कारण काही प्लगिन आपल्याला हवं ते ऐन चालताना ठरवतात. टेस्ट चालवणारं शुअरफायर हे नेहमीचं उदाहरण. तुमच्या टेस्ट कुठल्या जेयुनिटच्या आहेत हे पाहून ते आपला प्रोव्हायडर तेव्हाच उतरवायला जातं. माझी पद्धत अशी: रिकामं फोल्डर घ्यायचं, मेव्हन रेपो लोकल या प्रॉपर्टीने तेच लोकल रिपॉझिटरी (उतरवलेल्या लायब्ररींचा साठा) म्हणून द्यायचं आणि टेस्टसकट संपूर्ण क्लीन व्हेरिफाय चालवायचं. मग वाय-फाय बंद करून तोच बिल्ड डॅश ओ (ऑफलाइन) लावून क्लीनपासून पुन्हा. हिरवा झाला तरच ते फोल्डर झिप करायचं. घरचं एमटू फोल्डर (मेव्हनची नेहमीची लोकल रिपॉझिटरी) उचलून नेऊ नका. त्यात वर्षानुवर्षांचा गाळ असतो, आणि काय कमी आहे ते तिथे गेल्यावरच कळतं.

सेटिंग्जची एक्सएमएल फाइलही सोबत न्या. मेव्हन प्रत्येक आर्टिफॅक्टशेजारी (उतरवलेली जार वगैरे), तो कुठल्या आयडीच्या रिपॉझिटरीतून आला याची नोंद एका छोट्या फाइलमध्ये ठेवतं. तिथल्या सेटिंग्जमध्ये आयडी वेगळा असेल तर जार समोर डिस्कवर असूनही ‘ऑफलाइन मोडमध्ये मिळत नाही’ अशी तक्रार येते. आयडी तोच ठेवला की हा त्रास होत नाही.

क्लायंटची आतली रिपॉझिटरी वापरायची असेल तर तिचं सर्टिफिकेट आधी मागून घ्या. ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ दिसलं की समजायचं, जावाला ते सर्टिफिकेट ओळखीचं नाही. कीटूलने ते सीएसर्ट्समध्ये, म्हणजे ओळखीच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये, घालायचं. प्रत्येक जेडीकेचं सीएसर्ट्स वेगळं असतं, म्हणून आधी एमव्हीएन डॅश व्ही चालवून मेव्हन कुठली जावा वापरतंय ते पाहा. नुसत्या जावाची आवृत्ती विचारली तर वेगळंच उत्तर मिळू शकतं, कारण मेव्हन जावा होम ही सेटिंग मानतं आणि टर्मिनल पाथ ही सेटिंग मानतो.

आणखी एक. एखादा आर्टिफॅक्ट एकदा सापडला नाही की मेव्हन ते अपयशही लक्षात ठेवतं, आणि नंतर रिपॉझिटरी दुरुस्त झाली तरी काही काळ पुन्हा विचारत नाही. तेव्हा डॅश कॅपिटल यू लावा. अख्खी लोकल रिपॉझिटरी डिलीट करायची सवय अशा ठिकाणी फार महागात पडते, कारण तिथे पुन्हा उतरवायला काहीच नसतं.

ग्रेडलवाल्यांनी रॅपरचं डिस्ट्रिब्युशन आणि कॅशे, म्हणजे पूर्ण ग्रेडल युजर होम न्यावं आणि डॅश डॅश ऑफलाइनने वाय-फाय बंद करून तशीच चाचणी घ्यावी. विचित्र वागलं तर आधी डॅश डॅश स्टॉपने डीमन (मागे चालत राहणारी ग्रेडलची प्रोसेस) थांबवा.

डिपेंडन्सीचं झाड छापून न्या. खरंच कागदावर, किमान मुख्य मॉड्यूलचं. मेव्हनमध्ये डिपेंडन्सी ट्री, ग्रेडलमध्ये डिपेंडन्सीज, आणि एकाच लायब्ररीचं पाहायचं तर डिपेंडन्सी इनसाइट. दोघांचा निवाडा वेगळा असतो हे लक्षात ठेवा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या तर मेव्हन झाडात जी मुळाजवळ आहे ती घेतं, अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेली. ग्रेडल सर्वसाधारणपणे सगळ्यात वरची आवृत्ती घेतं. मेव्हनवरून ग्रेडलवर आलेल्या प्रोजेक्टमध्ये कोड न बदलता जार बदलतात त्या यामुळे. सर्व्हरवर एखादा क्लास नेमका कुठल्या जारमधून उचलला गेला ते विचारायला जावा ८ वर व्हर्बोज क्लास, ९ पासून एक्सलॉगमध्ये क्लास प्लस लोड. हे दोन्ही फ्लॅग वहीत लिहून ठेवा.

मराठी मजकूर असलेल्या प्रोजेक्टसाठी एक जादा काम. पावतीवर मराठीऐवजी भलतंच उमटलं तर आधी काय उमटलंय ते नीट बघा. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर लिहिताना चुकलं आहे, बहुधा सर्व्हरची लोकेल (भाषेची सेटिंग) साध्या सी वर आहे आणि जावा १८ च्या आधीची आहे. डोक्यावर खुणा असलेली परकी अक्षरं एकापुढे एक असतील तर यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी दुसऱ्या एन्कोडिंगने वाचलेत, आणि ते कंपाइल होतानाही झालेलं असू शकतं. जावापी डॅश व्ही चालवून कॉन्स्टंट पूल, म्हणजे क्लासमध्ये साठवलेल्या मजकुराची यादी, पाहा. ‘एकूण रक्कम’ तिथेच मोडलेलं दिसलं तर सर्व्हरला हात लावू नका, बिल्डमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. फक्त तुमचा टर्मिनल देवनागरी नीट दाखवतो याची खात्री घरीच करा, नाहीतर भलत्यालाच दोष द्याल.

आता डिबगिंग. जार ज्या टॅगवरून (सोर्सच्या एका आवृत्तीवरची खूण) बनली तोच टॅग चेकआउट करून न्या, मेन ब्रँच नको. दोन ओळींचा फरक असला तरी ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) भलत्या ओळीवर थांबतो आणि आपण चुकीच्या व्हेरिएबलवर विचार करत बसतो. लायब्ररींच्या सोर्स जारही आजच उतरवा. नुसत्या जावासीने केलेल्या कंपाइलमध्ये ओळींचे आकडे येतात, लोकल व्हेरिएबलची नावं येत नाहीत. त्यासाठी डॅश जी लागतो. मेव्हन आणि ग्रेडल तो आपणहून लावतात, पण जुन्या अँटच्या बिल्डमध्ये तपासा. जावा १५ पासून नल पॉइंटरचा संदेश नेमकं काय नल होतं ते सांगतो, मात्र नावं नसतील तर त्यात व्हेरिएबलऐवजी ‘लोकल४’ असं काहीतरी येतं.

रिमोट डिबगसाठी जेडीडब्ल्यूपीची (डिबगर जोडायची जावाची सोय) ओळ तयार ठेवा, सस्पेंड एन सकट, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना अडून राहणार नाही. पोर्ट साधारण ५००५ घेतात. जावा ९ पासून नुसता पोर्ट दिला तर तो फक्त त्याच मशीनवरून दिसतो. दिसू द्या तसाच, आणि एसएसएच टनेलने जोडा. या पोर्टला पासवर्ड नसतो, जो जोडला जाईल तो त्या प्रोसेसमध्ये हवं ते चालवू शकतो. ब्रेकपॉइंट फक्त त्याच थ्रेडला थांबवेल असा लावा, सगळ्यांना नाही, नाहीतर काउंटरवरची माणसं तुमच्यासाठी ताटकळतील. प्रॉडक्शनवर तर तो पोर्ट मागूच नका. तिथे जेस्टॅक (कुठला थ्रेड कुठल्या ओळीवर आहे ते दाखवतं) तीनदा घ्या, दहा-दहा सेकंदांनी. तिन्ही वेळा एकच थ्रेड एकाच ओळीवर दिसला तर तिथे शोधा. जेस्टॅक चालवणारा युजर आणि जावा चालवणारा युजर एकच लागतो, वर परवानगीत युजर म्हटलं ते यासाठी.

लॉगमध्ये नल पॉइंटर आहे पण स्टॅक ट्रेसच (एरर कुठल्या ओळींतून आला त्याची यादी) नाही, असं दिसलं तर घाबरू नका. तोच एक्सेप्शन पुन्हा पुन्हा येऊ लागला की हॉटस्पॉट, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, ट्रेस द्यायचं थांबवतो. लॉगमध्ये मागे जा, पहिल्या काही वेळांचा पूर्ण ट्रेस तिथे असतो. तसंच ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’ हे दुखण्याचं मूळ नव्हे. त्या क्लासचा स्टॅटिक ब्लॉक आधी एकदा पडलेला असतो, तो पहिला एरर शोधा. म्हणून आजचाच नाही, सर्व्हर शेवटचा सुरू झाला तेव्हापासूनचा लॉग मागून ठेवा.

तिथून फाइल बाहेर आणता येत नाही, म्हणून वही आणि दोन पेनं. वहीत चार गोष्टी उतरवायच्या: जारचा एसएचए, जावाची पूर्ण आवृत्ती, ‘कॉज्ड बाय’ची सगळ्यात खालची ओळ जशीच्या तशी, आणि सर्व्हरच्या घड्याळातली वेळ. उठण्याआधी स्टार्टअप स्क्रिप्टमधून डिबगची ओळ काढा, प्रोसेस पुन्हा सुरू करा, ५००५ वर काही ऐकत नाही ना ते तपासा, आणि तिथल्या माणसाला शेजारी उभं करून ते दाखवा. मगच लॉकरमधून फोन घ्या.