सज्जा कोठी पाहावी ती लढाईच्या हिशेबाने

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाणारी बहुतेक मंडळी सज्जा कोठीच्या सज्जात उभी राहून फोटो काढतात आणि पाच मिनिटांत परततात. आदिलशाहीत बांधलेली ही वास्तू शिवकाळात खलबतांची जागा होती आणि संभाजीराजांचा मुक्कामही येथेच असे, अशी परंपरा आहे. युद्धकाळातील मुख्य ठाणे म्हणून ती समजून घ्यायची असेल, तर कोठीकडे सर्वांत शेवटी जावे. हुकूम सुटत ती जागा पाहण्याआधी ते हुकूम ज्यांच्या बळावर तडीस जात, ते पाणी, धान्य आणि वाटा पाहून घ्याव्यात.

सुरुवात तीन दरवाजाजवळच्या अंधारबावीपासून करावी. बाहेरून ही साधी इमारत वाटते. आत मात्र तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांच्या जागा आणि तटाबाहेर उतरणारी चोरवाट, अशी तिची तीन मजली रचना आहे. पायऱ्या ओलसर असतात, म्हणून विजेरी जवळ ठेवावी.

तेथून अंबरखान्याकडे यावे व येथे घाई करू नये. गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठारांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. बाहेरच्या जिन्याने माथ्यावर गेल्यास धान्य ओतण्याची भोके दिसतात. आत उतरून त्याच भोकांकडे खालून पाहिले, की उंचीचा खरा अंदाज येतो. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने मार्च १६६० मध्ये घातलेला वेढा महाराज गडावर असताना जुलैपर्यंत चालला. राजापूरच्या इंग्रज वखारीची मंडळी तोफा घेऊन शत्रूच्या मदतीला आली, तरी गड लढून पडला नाही. या टिकाव धरण्यामागचे गणित तलवारीइतकेच या भिंतींच्या आत शोधावे, असे मला वाटते.

यानंतर राजदिंडी पाहावी. जुलैमधील पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले ते याच वाटेने, असे सांगितले जाते. पुढची शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची हकीकत प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, म्हणून ती येथे सांगत बसत नाही.

आता पूर्वेच्या तटावरील सज्जा कोठीत जावे. वरच्या घुमटी दालनातून दरी आणि कोल्हापूरकडचा मुलूख न्याहाळावा. खालून येणारी वाट किती दूरवर नजरेत राहते, ते वळणे मोजून पाहावे. मग पाठ फिरवून विशाळगडाची दिशा शोधावी. ती येथून दिसत नाही, कारण ती गडाच्या पलीकडच्या अंगाला आहे. म्हणजे एकट्या कोठीतून वेढ्याचा निम्मा भागही कळला नसता. बाकीची खबर बुरुजाबुरुजांवरून आणि हेरांकडूनच येणार. सज्जातून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा ही न दिसणारी बाजू मला अधिक बोलकी वाटते. पावसाळ्यात येथे दाट धुके असते, त्यामुळे हा प्रयोग दिवाळीनंतरच्या स्वच्छ सकाळी करावा.

वेळ उरल्यास ताराराणींच्या वाड्याकडे वळावे. १७८२ मध्ये कोल्हापूर राज्याची राजधानी कोल्हापुरात हलेपर्यंत कारभाराचे केंद्र पन्हाळाच होता. वाड्यात शाळा भरते, त्यामुळे आत पाहायचे असल्यास सुट्टीच्या वेळी परवानगी घेऊनच जावे.