बाळंतपणात खाली फाटू नये म्हणून काय करायचं, आणि फाटलंच तर

पहिलटकरणींनो, नॉर्मल डिलिव्हरीत खाली थोडंफार फाटणं अगदी कॉमन आहे, इंग्लंडमधले आकडे बघितले तर पहिल्या खेपेला दहातल्या नऊ जणींपर्यंत कुठे ना कुठे खरचटतं, फाटतं नाहीतर चीर द्यावी लागते. नुसती कातडी किंवा तिच्याखालचा स्नायू फाटला तर भरून येतं, टाकेही आपोआप विरघळतात. जपायचं ते संडासच्या जागेचा स्नायू फाटण्यापासून, त्याला तिसरी-चौथी डिग्री म्हणतात.

फाटणं कमी व्हावं म्हणून योनीच्या तोंडाशी करायचा मसाज गरोदरपणाच्या ३५व्या आठवड्यापासून सुरू करा. नखं कापा, हात धुवा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर करा. घाण्याचं स्वच्छ खोबरेल चालतं, वासाचं डोक्याला लावायचं नको हां. अंगठा योनीत दोन-तीन सेंटिमीटर आत घालून खाली संडासच्या जागेकडे दाबायचं आणि मग दोन्ही बाजूंना हळूहळू ताणायचं, चुरचुरलं तर ठीक, दुखलं तर थांबा. पाचेक मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा बास. पोटामुळे हात पोचत नसेल तर नवऱ्याला सांगा, त्यात लाजायचं काय. पण वार खाली असेल, रक्त जात असेल, पाणी गेलं असेल किंवा इन्फेक्शन असेल तर करू नका.

मिडवाइफ सिस्टरशी बोलायचं ते तपासणीला जाता तेव्हाच, कळा सुरू झाल्यावर कोण ऐकतंय आणि कोण सांगतंय! कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन बाळंत होऊ द्याल का, डोकं दिसायला लागलं की खाली गरम पाण्यात पिळलेला फडका धराल का, हे विचारा, त्या फडक्याने मोठ्या जखमा कमी होतात. सगळ्यांनाच सरसकट चीर देऊ नये असं डब्ल्यूएचओ २०१८ पासून स्पष्ट सांगते. वरून पोट दाबायला कोणी आलं तर नको म्हणा. आणि मोठी जखम झाली तर कुठे पाठवणार हेही विचारून ठेवा, ती डॉक्टरने ऑपरेशन थिएटरात शिवायची असते आणि पावसात आपल्याकडचे घाट नि रस्ते तुम्हाला माहीतच आहेत.

डोकं बाहेर येताना खाली आग आग होते, तेव्हा जोर लावायचा नाही, तोंडाने फू फू करत श्वास सोडायचा, सिस्टर सांगेल तसंच. मुंडकं सावकाश आलं तर कातडीला ताणायला वेळ मिळतो, मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

बाळ झाल्यावर जखम कुठवर गेलीय ते बघायला संडासच्या जागीही बोट घालून तपासतात, घाबरू नका, ते करायलाच हवं.

घरी आल्यावर पुढून मागे धुवा, पॅड वरचेवर बदला, सूज असेल तर बर्फ कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं. आजी शेगडीवर शेक घ्यायला लावेल पण टाक्यांखाली निखारे नि धुरी अजिबात नको, कातडी भाजते. संडास घट्ट होऊ देऊ नका, भरपूर पाणी, पालेभाजी, उकड्या तांदळाची पेज.

घाण वास, ताप, टाके उसवणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, तासात पॅड भिजत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर लगेच १०८ लावा. वारा किंवा संडास आवरत नसेल तर "बाळंतिणीचं असंच असतं" म्हणून गप्प बसू नका, महिने उलटले असले तरी त्यावर उपचार होतात.